अमेरिकेत लशीनंतर वडिलांचा खांदा जखडला: भरपाईचा दावा कुठे करावा?

एडिसनवासी (जानेवारी 2026): माझे वडील (वय 69) ग्रीन कार्डावर आमच्याकडे न्यू जर्सीत राहतात. 13 ऑक्टोबर 2023 च्या संध्याकाळी त्यांनी घराजवळच्या औषधाच्या दुकानात फ्लूची आणि कोविडची अशा दोन लशी एकाच वेळी, दोन दंडांत घेतल्या. त्याच रात्री डावा खांदा ठणकू लागला आणि रविवारी सकाळी घटस्थापनेला पहिली माळ बांधताना तो हात वर जाईना. लशीनंतर हात दुखायचाच, असे म्हणत त्यांनी चार महिने शेक आणि तेलावर काढले; फेब्रुवारीत डॉक्टरांकडे नेले तेव्हा एमआरआयमध्ये सांध्याजवळ सूज दिसली. फिजिओथेरपी झाली, खांद्यात स्टेरॉइडची इंजेक्शने झाली, तरी आजही सदऱ्याची बाही चढवायला आईची मदत लागते. सुई फार वर टोचली गेली असावी, असे डॉक्टर तोंडी म्हणाले. आम्हा सर्वांचा लशींवर विश्वास आहे, आणि यंदाही आम्ही फ्लूची लस घेतली आहे. पण झालेल्या इजेची दाद मागायची तर दुकानावर खटला भरता येईल का? वकिलाची फी झेपेल का? वडील नागरिक नाहीत, त्याची अडचण येईल का?

विधी सहायक, व्हर्जिनिया: फ्लूच्या लशीसाठी दुकानावर किंवा कंपनीवर थेट खटला भरता येत नाही. 1986 च्या कायद्यानुसार आधी राष्ट्रीय लस-इजा भरपाई योजनेतून जावे लागते. तिथे प्रतिवादी असतो केंद्रीय आरोग्यमंत्री, आणि निवाडा वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समधले ‘स्पेशल मास्टर’ (हे दावे ऐकणारे खास न्यायाधिकारी) करतात. कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, कारण ही भरपाई प्रत्येक डोसवर आकारलेल्या करातून (फ्लूच्या लशीवर 75 सेंट) जमलेल्या निधीतून दिली जाते. नागरिकत्वाची अट नाही आणि प्रौढांनाही दावा करता येतो. वकिलाने तुमच्या रकमेतून वाटा घ्यायचा नसतो. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर तो हरला तरी न्यायालय वकिलाची फी निधीतून मंजूर करू शकते. वेदनेपोटी कमाल अडीच लाख डॉलर मिळतात, उपचारांचा खर्च वेगळा.

लशीमुळे होणारी खांद्याची इजा 2017 पासून योजनेच्या तक्त्यात, म्हणजे अटी जुळल्यास लशीमुळेच झाली असे गृहीत धरल्या जाणाऱ्या इजांच्या यादीत आहे. दुखणे 48 तासांच्या आत सुरू झालेले हवे, खांद्याचा जुना त्रास नको, वेदना व हालचालीची अडचण त्याच खांद्यापुरती हवी, आणि तिचे दुसरे कारण दिसता कामा नये. शिवाय परिणाम सहा महिन्यांहून अधिक टिकलेले हवेत. पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणजे तुमची 13 ऑक्टोबर 2026 रोजी संपेल.

परंतु हे सारे एका प्रश्नावर अवलंबून आहे: डाव्या दंडात कोणती लस दिली? कोविडची असेल तर हा मार्ग बंद होतो. कोविडच्या लशींसाठी वेगळी योजना आहे. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, वकिलाची फी किंवा वेदनेची भरपाई मिळत नाही आणि न्यायालयात अपीलही करता येत नाही. दुकानाकडून दंडाच्या उल्लेखासह लसीकरणाची लेखी नोंद आजच मागवा.

टेक्सासकर: मी हेच एक वर्ष गमावले. लशीच्या दुष्परिणामांच्या सरकारी नोंदवहीत मी माहिती भरली आणि तोच अर्ज आहे असे समजून थांबले. ती नोंद म्हणजे दावा नव्हे, हे मला चौदा महिन्यांनी कळले. कृपया मुदतीच्या काठावर जाऊ नका.

फिजिओथेरपिस्ट, शिकागो: वडिलांना मधुमेह आहे का? मधुमेहात खांदा आपोआपही आखडतो, त्यामुळे ‘दुसरे कारण’ म्हणून समोरची बाजू तेच पुढे करू शकते. तसा आखडणारा खांदा बहुधा हळूहळू जखडतो. तुमच्या वडिलांचे दुखणे एका रात्रीत सुरू झाले. हा फरक कागदावर ठळक यायला हवा. 2023 च्या आधीचेही सर्व वैद्यकीय कागद काढा, म्हणजे खांद्याची जुनी तक्रार नव्हती हे दिसेल.

एडिसनवासी: सर्वांची ऋणी आहे. दुकानाची नोंद आज हाती आली: डावा दंड, फ्लू. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. फेब्रुवारीच्या वैद्यकीय नोंदीत मात्र ‘सुमारे चार महिन्यांपासून’ एवढेच लिहिले आहे, तारीख नाही. घटस्थापनेचा व्हिडिओ आम्ही त्याच सकाळी नातेवाइकांना पाठवला होता. त्यात वडील डावा हात पोटाशी धरून, एका उजव्या हाताने माळ बांधायला धडपडताना दिसतात. तो चालेल का?

विधी सहायक, व्हर्जिनिया: चालेल. पाठवल्याची तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने तो जपून ठेवा, आणि त्या सकाळी घरात असलेल्या प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र स्वतंत्रपणे करून घ्या.