बाँबर विमानातला आमच्या गावचा मुलगा: शाळेत फलक लावायचा आहे, माहिती हवी

खाडीकाठ
दापोली तालुक्यातल्या आमच्या गावचा एक मुलगा १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानासकट बेपत्ता झाला. वय जेमतेम विशीचं. घरी गणवेशातला फोटो आणि तार जपून ठेवली आहे. ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळ मिळून शिमग्याला शाळेच्या भिंतीवर फलक लावणार आहेत. गावात कुणी त्याला पायलट म्हणतं, कुणी गनर. खात्री कशी करायची? आणि खाऱ्या हवेत कोणता दगड टिकेल?

नोंदवही
फोटोत डाव्या खिशाच्या वरचा बिल्ला भिंगातून बघा. दोन्ही बाजूंना पंख असतील तर पायलट. एकच पंख आणि गोलात अक्षरं असतील तर सोबतचा माणूस: 'एजी' म्हणजे एअर गनर, 'एन' म्हणजे नॅव्हिगेटर.

ते साल आणि ती आघाडी बघता विमान बहुधा व्हल्टी व्हेंजन्स. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनकडे ही डाइव्ह बाँबर (सूर मारून बाँब टाकणारी विमानं) होती. ८ नंबरची चितगावकडून आराकानवर (ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीवर) जायची, ७ नंबरची सिलचरजवळच्या उधारबंदहून इंफाळच्या लढाईत उतरली. विमानात माणसं दोनच, त्यामुळे एक विमान पडलं की दोन घरांत तार जायची. शोधताना याचा फार उपयोग होतो. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर दल आणि वर्ष टाकून यादी काढा. त्याच तारखेला हवाई दलातलं दुसरं नाव सापडलं तर जोडी जुळण्याची शक्यता मोठी.

नुसत्या आडनावाने शोधू नका. इंग्रजी स्पेलिंग कसंही असतं, कधी वडिलांचं नावच आडनावाच्या जागी पडतं. 'रत्नागिरी जिल्हा' एवढ्यावरही आपला माणूस ठरवू नका, आजच्या सिंधुदुर्गातली गावंही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होती.

नोंदीत सिंगापूर दिसेल. त्या भागात बेपत्ता झालेल्या, कबर नसलेल्या हवाई सैनिकांची नावं तिथल्या क्रांजीच्या स्मारकावर आहेत. मृत्यू सिंगापूरला झाला असं कृपया कोरू नका.

जांभाचिरा
दगडाचं सांगतो. जांभ्यावर अक्षराला धार राहत नाही, भोकांत शेवाळ धरतं. संगमरवर आपल्या पावसात काळवंडतो. काळा ग्रॅनाइट घ्या, २० मिमी जाड, दोन फूट बाय दीड फूट. वजन साधारण १६ किलो भरतं. अक्षरं किमान ३ मिमी खोल कोरून घ्या. लेझरने वरवर खरवडलेली नकोत, कारण खोल अक्षर रंग उडाला तरी वाचता येतं.

चिऱ्याची भिंत असेल तर गिलाव्यावर फलक चिकटवू नका. जांभा पाणी पितो, गिलावा फुगतो आणि फलकासकट सुटतो. तेवढ्या जागेचा गिलावा काढा. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे चार पिन चिऱ्याच्या मधोमध (सांध्यात नाही) चार इंच आत केमिकल अँकरने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रेझिनने) बसवा. मागे १० मिमी फट ठेवा. वरची कड सीलंटने बंद, खालची उघडी, म्हणजे पाणी वाहून जाईल. लोखंडी स्क्रू अजिबात नको, गंज फुगला की ग्रॅनाइटचा कोपरा उडतो. शक्यतो पडवीतली भिंत धरा. नैर्ऋत्येकडच्या भिंतीला पाऊस झोडपून काढतो.

खाडीकाठ
आभार! एकच पंख आहे, अक्षरं 'एजी' दिसतात. दलाच्या नावात 'रॉयल' लिहायचं का? आणि तारीख तारेवरचीच ना?

नोंदवही
'रॉयल' मार्च १९४५ मध्ये लागलं. १९४४ चा मुलगा 'भारतीय हवाई दला'चाच. तारेवरची तारीख तार निघाल्याची असते, विमान त्याच्या आधीच बेपत्ता झालेलं असतं. कमिशनच्या नोंदीतली तारीख धरा.

जांभाचिरा
कोरणाऱ्याला मजकूर फोनवर सांगू नका. मोठ्या अक्षरात छापून, घरच्यांची सही घेऊन द्या. आणि पायलटचं नाव अजून हाती नसेल तर खाली दोन ओळींची जागा कोरी ठेवा. ते नाव पुढेमागे मिळालं की त्याच फलकावर कोरता येईल.