काम आणि घर, दोन्हीला एकच पिकअप? माझं मत: नको

बेदाणावाला (तासगाव)
आमच्याकडं आता काही बागायतदार इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा दोन रांगा सीटच्या पिकअप घ्यायला लागलेत. गाड्या दणकट, त्यात वाद नाही. पण 25 लाखांच्या पुढं मोजून हौदा मिळतो जेमतेम पाच फुटांचा. बोलेरो पिकअपला आठ-नऊ फूट, तेही 10 लाखांच्या आसपास. द्राक्षाचे कॅरेट लावायला हौद्याची लांबी लागते, मागची सीट काय कामाची? मालाला मालाची गाडी घ्या, घरच्यांसाठी जुनी का होईना, वेगळी कार बघा.

डोंगरवाडी (पाटण)
जुलैत आमच्या वाडीवर या, मग बोलू. साध्या पिकअपचा जोर मागच्या चाकांवर. हौदा रिकामा असला की मागं वजनच नसतं, चाकं चिखलात जागेवर गरगरतात. फोर बाय फोर टाकलं की पुढची चाकंही ओढतात. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं झालं तर सोबतची माणसं आत कोरडी बसतात. तुमची ती जुनी कार इथवर चढणारसुद्धा नाही.

भाडेवाला (मिरज)
दोघंही स्वतःच्या मालाचं बोलताय. माझं पोट भाड्यावर आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारता येत नाही. पिवळी पाटी म्हटली की पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, पुढं दरवर्षी. सांगलीच्या गणपती पेठेत माल उतरवायला बोलेरोसुद्धा अवघड जाते. 2005 मध्ये टाटाचा छोटा हत्ती (एस) आला तो याच गल्ल्यांसाठी. पाऊण टन माल, आखूड वळण, हप्ता झेपणारा. घाटात भरलेला हत्ती रखडतो, हे मान्य. पण माझी भाडी घाटात नसतातच.

कोरेगावकर
बोलेरो कॅम्परचं नाव कुणीच घेतलं नाही? दोन रांगा, मागं हौदा, फोर बाय फोरही मिळते. आल्याची पोती आणि घरची माणसं एका फेरीत.

बेदाणावाला (तासगाव)
कॅम्परचा हौदा पण आखूडच. आणि रिकामी असताना स्प्रिंगचे पाटे कडक लागतात, म्हाताऱ्या माणसांची कंबर धरते. पाटणला फोर बाय फोर हवी, हे पटतं. तासगाव-विट्याच्या डांबरीवर ती कशाला? त्या फरकाच्या पैशात बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घाला, अवकाळीत घड तरी वाचतील.

डोंगरवाडी (पाटण)
मग शीर्षकात "तासगावकरांसाठी" लिहा. सगळ्या जिल्ह्यांना एकच सल्ला देऊ नका.