घरी स्पीकर केबल तयार करणे : लॅन केबलची वेणी की अडीचची वायर?

तबकडी
आमच्या दिवाणखान्यात अँप्लिफायर डाव्या भिंतीलगत ठेवण्यावाचून पर्याय नाही, त्यामुळे डाव्या स्पीकरला तीन मीटर आणि उजव्याला सात मीटर केबल लागणार आहे. स्पीकर ८ ओहमचे आहेत आणि अँप्लिफायर ५० वॉटचा आहे. तयार केबलची सांगितलेली किंमत स्पीकरच्या किमतीशी स्पर्धा करणारी असल्याने केबल घरीच करावी असे ठरवले आहे. लॅन केबलच्या तीन पदरांची वेणी घालून उत्तम केबल होते असे बऱ्याच ठिकाणी वाचले. ती खटपट करावी, की घराच्या वायरिंगची साधी वायर पुरेशी आहे? आणि दोन्ही बाजूंच्या केबलची लांबी सारखीच असावी लागते का?

रोधमापक
साधी वायर पुरेशी आहे. मात्र ती शुद्ध तांब्याची आणि पुरेशी जाड असावी. सात मीटरच्या केबलमध्ये प्रवाह जाऊन परत येतो, म्हणजे हिशेब चौदा मीटर तारेचा करावा लागतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तेवढ्या लांबीला सुमारे ०.१ ओहम रोध येतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट एक दशांश डेसिबलच्या आसपास असते. दीडच्या वायरमध्ये ती जवळपास दुप्पट होईल, तरीही कानाला कळणे कठीणच. स्पीकरचा रोध प्रत्येक वारंवारतेला ८ ओहमच नसतो, तो कुठे पाचवर येतो तर कुठे तीसवर जातो, आणि बारीक तारेमुळे आवाजाचा तोल बदलतो तो याच चढउतारामुळे. म्हणून जाडीत थोडी उदारता ठेवावी, एवढेच.

लांबी सारखी असण्याची गरज नाही. तुमच्या दोन बाजूंतील फरक ०.०६ ओहमच्या आत राहील. चार मीटर जादा केबल सोफ्यामागे गुंडाळून ठेवण्यात काहीच लाभ नाही.

खरा धोका वेगळा आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, म्हणजे सीसीए, ही ‘स्पीकर वायर’ म्हणून सर्रास विकली जाते आणि स्वस्त लॅन केबलमध्येही तीच असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. तारेचा एक धागा ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरा धातू दिसला तर ती वायर परत करावी. याउलट आयएस ६९४ प्रमाणाची, आयएसआय चिन्ह असलेली घरगुती वायर घेतली तर तांब्याची खात्री पुष्कळ वाढते. अडीचच्या लवचिक वायरमध्ये बहुधा ०.३ मिलिमीटरचे ३६ धागे असतात. दुकानात ते मोजून पाहायला कोणी हरकत घेऊ नये.

वेणीफणी
वेणीच्या बाजूने थोडे बोलतो, कारण तिची सरसकट चेष्टा होते ती मला पटत नाही. तीन लॅन केबलमधल्या चोवीस तारांपैकी बारा धन आणि बारा ऋण जोडल्या की प्रत्येक बाजूला सुमारे अडीच चौरस मिलिमीटर तांबे मिळते आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला तारेचा होणारा विरोध, अतिशय कमी होतो. परंतु त्याची किंमत कपॅसिटन्समध्ये, म्हणजे जवळजवळच्या तारांमध्ये विद्युतभार साठण्याच्या गुणात, मोजावी लागते : सात मीटरला तो चार नॅनोफॅरडच्या पुढे जातो आणि आउटपुटला कॉइल नसलेले काही अँप्लिफायर अशा भाराने अस्थिर होतात. ब्रिटनच्या नेम कंपनीने आपल्या अँप्लिफायरसाठी किमान साडेतीन मीटर केबल सुचवली, ती केबलचा इंडक्टन्स हवा असल्यामुळेच. शिवाय चोवीस टोके सोलण्याचा कंटाळा वेगळा. मी स्वतः आता अडीचच्या दोन सुट्या वायरींना पीळ देऊन वापरतो.

पीळ देण्यासाठी दोन्ही वायरींचे एक टोक शेगड्यात पकडावे, दुसरे ड्रिल मशीनच्या चकमध्ये अडकवून वायर ताणलेली ठेवावी आणि ड्रिल अगदी सावकाश फिरवावे. पिळामुळे लांबी घटते, म्हणून सुमारे १५ टक्के वायर जादा घ्यावी. अशा जोडीचा इंडक्टन्स २० किलोहर्ट्झला सात मीटरसाठी जेमतेम अर्धा ओहम अडथळा करतो आणि तो ८ ओहमशी काटकोनात मिळत असल्याने प्रत्यक्ष घट नगण्य राहते. धन आणि ऋण वायर भिंतीच्या दोन बाजूंनी दूरदूर नेली तर मात्र हा आकडा वाढत जातो.

तबकडी
दोघांचे आभार. लाल आणि काळी, अशी अडीचची वायर घेतो. नव्वद मीटरचे बंडल नको असल्याने मीटरवर कापून घ्यावी लागेल, आणि कापून दिलेल्या तुकड्यावर छाप असेलच असे नाही. खरवडण्याव्यतिरिक्त तांबे तपासण्याचा उपाय आहे का? मल्टिमीटरने थेट रोध मोजता येईल का?

रोधमापक
थेट नाही, कारण साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचाच रोध त्याहून अधिक असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर गाडीचा २१ वॉटचा दिवा लावावा आणि मधे दहा मीटर वायर एकसरीत जोडावी. आधी प्रवाह मोजावा, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास येईल. नंतर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून वायरच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. अडीचचे तांबे असेल तर १२० ते १४० मिलिव्होल्ट दिसतील, १८० च्या पुढे आकडा गेला तर वायर बारीक आहे किंवा सीसीए आहे.

टोकांबद्दल एक सूचना. स्क्रूखाली दाबायच्या टोकांना सोल्डर लावू नये. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि सांधा सैल होतो. चार मिलिमीटरचे बनाना प्लग घेणार असाल तर उघडे धागे प्लगबाहेर राहणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि अँप्लिफायर चालू करण्यापूर्वी धन-ऋण एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, ते मीटरवर पाहावे. ही तपासणी स्पीकर जोडण्याआधी करावी, कारण स्पीकर जोडल्यावर मीटर कॉइलचा रोध दाखवील आणि काहीच कळणार नाही. वायर घरगुती वायरिंगची असली तरी तिला भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारी टू-पिन मात्र कधीही लावू नये.