एक्स्चेंजवर अडकलेले बिटकॉइन: तक्रार नेमकी कुठे करू?

मंडळी, मदत हवी आहे. २०१७ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर) ०.१८ बिटकॉइन घेतले होते. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई केली, बँकांनी हात वर केले, तरी कॉइन तिथेच ठेवले. आळस, दुसरं काय! मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, तेव्हाच काढून घ्यायला हवे होते.

आता लॉगिन होतं, शिल्लक दिसते, पण विथड्रॉवल टाकलं की सात महिने नुसतं पिवळं ‘पेंडिंग’. केवायसी दोनदा केलं. अकरा ईमेल गेले, उत्तर एकच साचेबद्ध: ‘लवकरच कळवू’. फोन लागत नाही. बाणेरच्या ऑफिसला जाऊन आलो, तिथे आता डेंटिस्ट बसतात.

बँक स्टेटमेंट, खरेदीचे ईमेल, स्क्रीनशॉट आहेत. प्रायव्हेट की (कॉइन हलवायला लागणारी गुप्त किल्ली) माझ्याकडे नाही, कॉइन त्यांच्याच वॉलेटमध्ये. ‘पैसे काढून देतो’ म्हणणारे टेलिग्रामवाले कृपया नकोत.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. ती विथड्रॉवल अडल्यापासून धरतात की खरेदीपासून? आणि आधी पुणे सायबर पोलिसांकडे जाऊ की थेट आयोगाकडे? कोणी स्वतः केलंय का?