कॅडफेल बाराव्या शतकातला वाटतो का?

निवडुंग
(रहस्यभेद आहे. ‘मंक्सहूड’ वाचायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

एलिस पीटर्सची ब्रदर कॅडफेल ही रहस्यकादंबऱ्यांची मालिका या पावसाळ्यात पुन्हा वाचायला काढली. १९७७ ते १९९४, एकूण २० कादंबऱ्या. वेल्सच्या सीमेला लागून असलेला श्रॉपशायर, तिथला श्रूजबरीचा मठ, आणि मागे स्टीफन आणि मॉड यांची इंग्लंडच्या गादीवरून चाललेली भाऊबंदकी. कथाकाळ ११३७ ते ११४५. आठ-नऊ वर्षांत एकाच पंचक्रोशीत इतके मुडदे, हे सोडून देऊ.

खटकतो तो खुद्द कॅडफेल. क्रुसेड म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्ध लढून आलेला, मठाची औषधी बाग सांभाळणारा हा साधू सगळ्यांना समजून घेतो, प्रेमिकांना पळून जायला मदत करतो, आणि ‘मंक्सहूड’मध्ये तर चक्क खुन्याला सोडतो. हा विसाव्या शतकातला समंजस काका आहे, फक्त झगा चढवलेला. आणि खेडं असं, की शेणाचा वाससुद्धा येत नाही.

ओटीवरचा
शेणाचं मान्य. बाकी साफ असहमत.

‘मंक्सहूड’चा सगळा डोलारा उभा आहे तो एका जमिनीवर. इंग्रजी कायद्यात अनौरस मुलाला छदाम मिळत नाही; वेल्सच्या कायद्यात बापाने आपला म्हटलेला मुलगा वारस ठरतो. जमीन वेल्सच्या हद्दीत, मालक इंग्रज शिरस्त्याने वागणारा. खुनाचं कारण त्या शिवेवरच उगवलंय. शेवटी दावा चालतो तो गावच्या वेल्श पंचांपुढे, आपल्या गोतसभेसारखा. हे दुसऱ्या शतकात हलवून दाखवा.

आणि ‘सोडतो’ म्हणजे काय? त्याला जन्मभराचं प्रायश्चित्त देतो. त्या काळच्या माणसाला ते फाशीपेक्षा हलकं वाटलं असतं, हे गृहीतक आधुनिक आहे, आणि ते तुमचं आहे.

गवतीचहा
मला कायद्यातलं कळत नाही, बागेतलं कळतं. मंक्सहूड म्हणजे आपल्या बचनागाचा भाऊबंद. आजोबा वैद्य होते. बचनाग गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरायचा नाही, आणि त्याच्या डब्याला आम्हा पोरांनी हात लावला तर फटके. त्यामुळे कॅडफेलने सांधे चोळायला केलेलं तेलच कुणीतरी जेवणात घातलं, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. आपल्याच हातचं औषध विष झालं की वैद्याचं काय होतं, ते बाईंनी बरोबर पकडलंय.

तिसरी_घंटा
धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं. प्रत्येक पुस्तकात एक गोड मुलगी, एक देखणा संशयित. तो निर्दोष असणार हे विसाव्या पानावरच कळतं! मग रहस्य कसलं?

अपवाद ‘वन कॉर्प्स टू मेनी’. ११३८ मध्ये स्टीफनने श्रूजबरीचा किल्ला घेऊन आतल्या लोकांना फासावर चढवलं, हा खरा इतिहास. कादंबरीत कॅडफेल प्रेतं मोजतो: फाशी ९४ जणांना, प्रेतं ९५. इतक्या राजमान्य खुनांत एक खाजगी खून लपवायचा! ही कल्पना सुचल्याबद्दल बाईंना शंभर गोड मुली माफ.

निवडुंग
@ओटीवरचा, प्रायश्चित्ताचा मुद्दा घेतला. ते प्रकरण पुन्हा वाचलं. खुनी आधी सुरा घेऊन कॅडफेलवरच येतो, हे मी विसरलो होतो.

पण तरी एक सांगा. मठाधिपतीला न विचारता, राजाच्या अधिकाऱ्याला अंधारात ठेवून हा निर्णय घ्यायचा हक्क एका साध्या साधूला कुणी दिला? आज्ञापालनाची शपथ घेतली होती ना त्याने?

ओटीवरचा
घेतली होती, चाळिशीनंतर. त्याआधीची पंधराएक वर्षं पूर्वेकडे लढाईत आणि समुद्रावर गेली. मुरलेलं हाड आहे ते, शपथेने किती वाकणार? आता ‘द व्हर्जिन इन द आइस’ घ्या, मग बोलू. तिचं रहस्य मात्र इथे फोडू नका, मंडळी.