विषय: कणसं न्या!! (गॅरेज मोकळं करायचंय)

अनघा, रविवार २४ सप्टेंबर २०२३, सकाळी ९:१०
मंडळी, काल मंडळाच्या कार्यक्रमात कणसं भाजायला कोळसा पेटलाच नाही, त्यामुळे पाच पोती कणसं आमच्या गॅरेजमध्ये तशीच पडून आहेत. एका पोत्यात पाच डझन. आतून गरम होऊन वास यायला लागलाय. ज्यांना हवी त्यांनी आज-उद्या न्या. पिशव्या आपापल्या आणा.

सुहास, ९:४२
एवढी कोण खाणार? आमच्या मागच्या झाडीत रोज संध्याकाळी सात-आठ हरणं येतात, दोन पोती तिथे ओततो. मुलांना फोटो मिळतील. शेजारी १ ऑक्टोबरपासून धनुष्यबाण घेऊन तिथेच शिकारीला मचाणावर बसतो, तोही खूश. गेल्या वर्षी त्याने सॉसेज आणून दिलं होतं.

मिलिंद, १०:०५
सुहास, थांब! आपल्या मिशिगनच्या दक्षिण भागात, म्हणजे लोअर पेनिन्सुलात, ३१ जानेवारी २०१९ पासून हरणांना आमिष टाकायला बंदी आहे, आणि नुसतं हौसेने खायला घालायलाही. फोटोसाठी टाकलंस तरी तेच. वर तुझ्या कणसांवर आलेल्या हरणाला त्याने बाण मारला तर बिचारा तोही अडकेल. मी दरवर्षी परवाना काढतो, पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असतं.

सुहास, १०:११
मग पेट्रोल पंपावर हरणांसाठी म्हणून मक्याच्या गोण्या आणि गाजरांची पोती रचून ठेवतात ती काय शोभेला?

मिलिंद, १०:३०
विकायला बंदी नाही, टाकायला आहे. मॅकिनॉ पूल ओलांडून उत्तरेच्या अप्पर पेनिन्सुलात गेलास तर काही भाग सोडून चालतं, १५ सप्टेंबर ते १ जानेवारी. तेही एका जागी दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर, आणि किमान दहा बाय दहा फुटांत पसरून. ढीग केला की सगळी एकाच जागी तोंड घालतात आणि लाळेतून रोग पसरतो. आपल्याच लोअर पेनिन्सुलात अल्पीनाकडे गुरांचा क्षय हरणांत आहेच. त्यात २०१५ मध्ये लॅन्सिंगजवळ मेरिडियन टाउनशिपमध्ये रानातल्या हरणात सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवणारा मेंदूचा रोग) सापडला. त्याला औषध नाही, लागण झालेलं हरीण मरतंच, आणि त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

शैला, ११:१५
माझ्या बर्डफीडरचं काय? खाली सांडलेले दाणे हरणं रोज वेचतात. मला दंड होणार का? ह्यांना विचारलं तर म्हणाले मंडळाच्या मेलवर विचार.

मिलिंद, ११:२०
पक्ष्यांना खुशाल घाला, फक्त हरणाचं तोंड पोचू देऊ नका. खालचे दाणे झाडून टाका.

वसंतकाका, दुपारी १:०२
आमच्या वर्ध्याकडे नेमकं उलट. रोही आणि डुकरं तुरीत घुसू नयेत म्हणून बाबा रात्रभर जागल करायचे. मचाणावर तेलाचा रिकामा डबा, तो बडवत बसायचं. झोप आली की डबा माझ्याकडे. इथे लोक पदरचे पैसे खर्चून मका घेतात आणि त्याच प्राण्याला बोलावतात, याची मला अजून मौज वाटते. मिलिंद, एक शंका. उभ्या मक्याच्या कडेला बसून शिकार केलेली चालते ना? मग तोडलेल्या मक्याने काय पाप केलं?

मिलिंद, १:४०
काका, उभं पीक चालतं. मुद्दाम हरणांसाठी पेरलेला तुकडासुद्धा चालतो. तोडून आणून टाकलं की आमिष. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होतो तेव्हा आमच्या कॅम्पात दरवर्षी यावरूनच जुंपते. २००८ मध्ये बंदी घातली, २०११ मध्ये उठवली, २०१९ मध्ये परत आणली. २०२० मध्ये विधिमंडळाने उठवायला काढली, तर गव्हर्नर व्हिटमरबाईंनी सही केली नाही.

प्रदीप, २:१८
पाळतंय कोण पण? आमच्या शेजारच्या सफरचंदाखाली दहा हरणं तोंडाला तोंड लावून खातात, ती कायदेशीर. गाजर टाकलं की गुन्हा.

नीता (खाद्य समिती), ३:००
"कोळसा पेटलाच नाही" याबद्दल. कोळसा दोन दिवस अनघाच्याच डेकवर पावसात होता. आणि मी बारा डझन लिहिलं होतं, बारा. पाच पोती कुणी सांगितली ते मला माहीत आहे, मेलवर लिहीत नाही. जिलब्यांच्या वेळी ठरलं होतं की ऑर्डर समितीच देणार.

अनघा, ३:०४
डेकवर ताडपत्री होती.

वसंतकाका, ३:२५
नीता, जिलब्या उत्तम होत्या. उरल्या हा वेगळा भाग.

अनघा, सोमवार २५ सप्टेंबर, रात्री ८:५०
ज्यांच्याकडून आणली त्या शेतकऱ्याने चार पोती गाईंसाठी परत नेली. पैसे परत नाहीत. पाचवं सुहासने नेलं. सुहास, कुठे नेलंस??

सुहास, ९:३०
घाबरू नका. सोलून, उकडून, दाणे काढून फ्रीझरमध्ये भरतोय. तीस झाली, तीस राहिली. बोटं चिकट झालीत आणि हरणं कुंपणाशी उभी आहेत.