चित्रकार आजोबांची पत्रं: लॅमिनेशन करावं का?

तापीकाठ (भुसावळ):
आजोबा चित्रकार. मुंबईहून त्यांनी धाकट्या भावाला लिहिलेली अडीचशेच्या आसपास पत्रं इथे माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. पोस्टकार्डं, आंतरदेशीय, थोडी पाकिटं. समासात पेनाने काढलेली रेखाटनं आहेत. निम्म्या पत्रांवर तारीख नाही, काहींना कसर लागलीय. घरचे लॅमिनेशन करा म्हणतात. करावं का? आणि छापायची झाली तर हक्क कुणाचा?

जुनेकागद:
लॅमिनेशन अजिबात नको, दादा. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात. पण फाउंटन पेनची शाई ओलाव्याने पसरते, म्हणून रेखाटनाजवळ स्वतः हात घालू नका.

पेटी आजच खाली आणा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, माळ्यावर त्याहून जास्त. तिथे कागद वाळून कडक होतो आणि पावसाळा लागला की तोच ओल ओढतो. ह्या चढउतारानेच तो घडीवर तुटतो. आतल्या खोलीत लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं सुटं, खालचा कप्पा रिकामा. पत्रं उलगडून सपाट, प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या घडीत. पीव्हीसीचे पारदर्शक फोल्डर टाळा, त्यातून कालांतराने आम्ल सुटतं. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून मग हळूच सोडवा.

तापीकाठ:
कसरीसाठी डांबरगोळ्या की कडुनिंबाचा पाला?

जुनेकागद:
दोन्ही नको. ओल्या पाल्याने डाग आणि बुरशी, वाळल्यावर चुरा. डांबरगोळ्यांची वाफ माणसालाही वाईट आणि अंडी त्याने मरतीलच असं नाही. कसर लागलेली पत्रं दुहेरी पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. हे फक्त पत्रांसाठी. तैलचित्रं आणि काचेच्या निगेटिव्ह फ्रीजरमध्ये कधीच नाही.

पाटणादेवी:
एक कळकळीची विनंती: तारखेप्रमाणे लावायला आत्ता बसू नका. पेटीत ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने नंबर घाला. शेजारशेजारचं पत्रच पुष्कळदा बिनतारखेच्या पत्राचा काळ सांगतं. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची बरीच पत्रं बिनतारखेचीच. भाऊ थिओने ती सांभाळली. तो जानेवारी १८९१ मध्ये गेल्यावर त्याच्या पत्नीने, योहानाने, ती लावली आणि १९१४ मध्ये छापली. तिचे काही क्रम पुढच्या अभ्यासकांनी बदलले. ते शक्य झालं, कारण मूळ कागद शाबूत होते. उलट थिओची उत्तरं व्हिन्सेंटने फारशी ठेवली नाहीत. २००९ च्या संपूर्ण आवृत्तीत ९०२ पत्रं आहेत, त्यांतली त्याला आलेली फक्त ८३. म्हणून आजोबांना आलेली उत्तरं मुंबईकडच्या नातेवाइकांकडे आत्ताच विचारा.

पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का हीच तारीख. स्कॅन ६०० डीपीआय, टिफमध्ये (TIFF फाइल), दोन्ही बाजू, पत्त्यासकट. फाइलचं नाव म्हणजे तोच पेन्सिलीचा नंबर. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घराचं कलादालन झालंय, ते एकदा बघून या.

कायदाकट्टा:
कागद ज्याला पत्र आलं त्याच्या वारसांचा, मजकुराचा आणि रेखाटनांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याच्या वारसांचा. म्हणजे इथे दोन्ही शाखांची संमती हवी, आणि लेखी. मुदत साधारणपणे मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, पण हयातीत न छापलेलं लेखन पहिल्यांदा छापलं की ६० वर्षं त्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. पत्रांत हयात माणसांच्या घरगुती गोष्टी असतील तर तेवढा भाग सध्या वगळा. मूळ पत्रावर मात्र काळी शाई फिरवू नका.